उत्पन्नाची वाटणी आणि वर्गसिद्धांताची मर्यादा



देशाचे उत्पन्न कोणाकोणात वाटले जाते, हा अर्थशास्त्रातील जुना प्रश्न आहे. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली त्याचे उत्तर तीन वर्गांत मांडले: जमीनदाराला खंड, भांडवलदाराला नफा, मजुराला मजुरी. हे ज्ञान मोलाचे खरे. पण ते आपल्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते काय?

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास पाहा. साचेखात्यात मजुरी अधिक असे. परंतु तेथे धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे. म्हणून विटाळाच्या सबबीवर अस्पृश्य कामगाराला ते खाते बंद होते. त्याला अडविणारा केवळ मालक नव्हता, शेजारचा मजूरही होता. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला.

दोघेही मजूर, दोघांचा वर्ग एक. मिळकत मात्र भिन्न! मजूरवर्गाच्या वाट्याला एकंदर किती येईल, याचा विचार वर्गसिद्धांत करतो. त्या वर्गातील कोणत्या माणसाला कोणते काम मिळेल, हे तो सांगत नाही. संपाने मजुरी वाढेल. बंद दार त्याने आपोआप उघडत नाही.

त्यासाठी कायदा आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या ४ थ्या कलमानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणासही नोकरीधंद्यास मज्जाव करणे हा गुन्हा आहे. म्हणून पगारवाढ अवश्य मागा. पण त्याच सभेत दुसरा प्रश्नही विचारा: अधिक पगाराच्या कामाचे दार आपल्या मुलामुलींना खुले आहे काय?