यादीतलं नाव
(महिला शिबिरात केलेलं भाषण)

 

मला सांगितलं, रात्रीच्या नाटकावर तू बोल. मी काही नाटकातली नाही. बारावी शिकले, आश्रमशाळेत गॅदरिंगला नाचले, तेवढंच. पण रात्री झोप नाही आली, म्हणून बोलते.

नाटकाचं नाव 'व्हय, मी सावित्रीबाई'. सुषमा देशपांडे यांनी लिहिलं आणि 1989 पासून त्या स्वतः एकट्या करत आल्या. काल त्याचा थोडा भाग आपल्याच एका कार्यकर्तीने केला. पडदा नाही, तारपा नाही. एक बाई, एक लुगडं, एक ग्यासबत्ती. सगळी माणसं तिच्याच तोंडून बोलतात. सुरुवातीला मागची पोरं हसत होती, "एकटीच काय बोलते, अंगात आलं का?" थोड्या वेळाने गप झाली.

उशिरा आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात जोतिबांनी मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई तिथे शिकवायची. रस्त्यात लोक अंगावर शेण टाकायचे. ती दुसरं लुगडं बरोबर न्यायची आणि शाळेत बदलायची. सासऱ्याने दोघांना घराबाहेर काढलं. का तर म्हणे बाईने शिकवलं, खालच्या जातीला शिकवलं, धर्म बुडाला. धर्म बुडाला असं ओरडत कोण होतं? ज्यांचं पोट त्याच्यावर चालत होतं ते. जोतिबांनी 1855 मध्ये 'तृतीय रत्न' नावाचं नाटकच लिहिलं त्याच्यावर. एक जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहाची भीती घालतो आणि लुबाडतो.

मला वाटायचं ही माणसं देव न मानणारी असतील. तसं नाही. जोतिबा निर्मिक म्हणायचे, ज्याने सगळं निर्माण केलं तो. भांडण होतं मधल्या दलालाशी. 1873 ला सत्यशोधक समाज काढला, बामणाशिवाय लग्नं लावली. हे ऐकून माझी आजी बाजूला बसलेली, ती म्हणाली, "पोरी, ह्यात नवीन काय? आपलं लग्न धवलेरीच लावते ना!" बरोबर बोलली. आपल्यात लग्न लावणारी बाईच. आणि आता आपलीच नोकरीवाली पोरं बामण आणतात. त्यांना ते मोठेपणाचं वाटतं. असो.

पण आपणही फार छाती फुगवायला नको. 1890 ला जोतिबा गेले. मुलगा दत्तक, रक्ताचा नाही, म्हणून टिटवं कोणी धरायचं याच्यावर भांडण लागलं. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाली, टिटवं तिने स्वतः धरलं. तिथे मला आमच्या पाड्यावरची काकी आठवली. टिटवं धरतो तो वारस, आणि वारस म्हणजे जमीन.

काकीचं नाव घेत नाही, तुम्ही ओळखाल. नवरा मेला, पोर नाही. दोन एकर प्लॉट ती एकटी कसते. नांगर उसना आणते, पण पेरणी चुकवत नाही. ज्या वर्षी आपण प्लॉटच्या याद्या करायला बसलो, त्याच वर्षी तिच्या दिराच्या पोराला ताप आला. भगताने तांदूळ बघितले आणि बोट तिच्या घराकडे केलं. भुताळी! दवाखान्यात रक्त तपासलं तर हिवताप निघाला. पोरगं गोळ्यांनी बरं झालं. काकी मात्र भुताळीच राहिली. तिच्या हातचं पाणी कोणी घेईना. मग यादीत तो प्लॉट दिराच्या नावाने लागला.

यादी कोणी लिहिली? मी लिहिली. अक्षर चांगलं म्हणून मला बसवलेलं. दिराने नाव सांगितलं, सगळे गप बसले, मी लिहिलं. तिथे फॉरेस्टवाला नव्हता, सावकार नव्हता. आपणच होतो.

भगत नको असं मी म्हणत नाही. पाला-मुळी तो जाणतो, कणसरीची पूजा त्याच्याशिवाय होत नाही. पण देवाने कधी सातबारा मागितला का? तो माणूस मागतो, आणि देवाचं नाव सांगतो.

काल काकी मागे पाण्याच्या मडक्याजवळ बसलेली. नाटक संपलं तशी घरी गेली आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन परत आली. आत दंडाच्या पावत्या. तीन नवऱ्याच्या नावाच्या, दोन तिच्या स्वतःच्या. फॉरेस्टवाल्याने दंड घेताना तिचं नाव लिहिलं, आणि संघटनेच्या यादीत ते नाही. मला म्हणाली, "तू शिकलीस ना? हे मोठ्याने वाच." मी वाचलं. दीर तिथेच उभा होता. काही बोलला नाही.

शनिवारी पाड्यावर मीटिंग आहे, यादी दुरुस्त करायची आहे. तिला नांगरताना, लावणी करताना ज्यांनी बघितलं त्यांनी यावं आणि उभं राहून साक्ष द्यावी, कारण नुसत्या पावतीवर साहेब ऐकत नाही. बायांनी तर यावंच, लावणीला तुम्हीच होतात तिच्या बरोबर. भगतबाबांनाही मी जाऊन सांगितलंय. येतो म्हणाले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत.

जिंदाबाद.