फवारणीचा निर्णय वावरात व्हावा

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील शास्त्रज्ञ मंडळी, कृषी विभागाचे अधिकारी, गावोगावचे कृषी सहायक, कृषी सेवा केंद्रांचे चालक आणि उलंगवाडीची घाई बाजूला ठेवून आलेल्या शेतकरी-शेतमजूर बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने यवतमाळात आपणा सर्वांचं मनापासून स्वागत करतो. वेचणी अजून पुरती आटोपलेली नाही, हे ठाऊक असूनही आम्ही हेच दिवस निवडले. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटायची की पाणी देऊन फरदड, म्हणजे तेच पीक पुढे लांबवून, धरायची, हे प्रत्येक घरात याच पंधरवड्यात ठरतं. पुढच्या हंगामातली बोंडअळीही इथेच ठरते.

एकात्मिक कीड व्यवस्थापनाची परिषद याच जिल्ह्यात व्हावी, असा आमचा आग्रह होता. 2017 चा पावसाळा आपल्यापैकी कुणीही विसरलेलं नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीच्या वर गेली होती. दाट वावर, कोंदट हवा, फवारा वरच्या दिशेने मारायचा आणि तो परत तोंडावर यायचा. अंगात साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल, आणि पंपात दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. गेलेल्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारे कितीतरी होते. औषध कोणतं आणायचं, किती घालायचं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. म्हणून आज स्वागत करताना मी शेतमजुरांचा उल्लेख आवर्जून केला. त्यांची बाजू ऐकल्याशिवाय ही परिषद पुरी होऊ नये.

एवढी फवारणी होऊनही त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर कापूस पोखरला. हे असं का झालं, ते समजून घेतलं पाहिजे. मादी पतंग पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी लवकरच आत शिरते आणि बोंड वाढताना तिचं बारीक छिद्र बुजून जातं. वरून बोंड हिरवंगार, आत ती सरकी खात बसलेली. मग पंप कितीही भारी असो, औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. बाहेरचे तिचे शत्रू मात्र मरतात. ढालकिडे मरतात, क्रायसोपा मरतो, कोळी मरतात.

2002 मध्ये बीटी कापूस आला, 2006 मध्ये दोन जनुकांचा आला. अमेरिकन बोंडअळीचा जाच त्याने कमी केला, हे कबूल केलंच पाहिजे. पण गुलाबी अळीचा संसार मुख्यतः कापसावर. आपण पावसाआधी लागवड केली, फरदडीपायी मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली, आणि पाकिटासोबत येणारी नॉन-बीटीची पुडी बहुतेकांनी लावलीच नाही. मग अळीला महिनोन्‌महिने बीटीच खायला मिळालं आणि ती त्याला सरावली. 2010 च्या सुमारास गुजरातेत पहिल्या जनुकाला ती दाद देईना, पुढे दुसऱ्यालाही देईना. नंतर ती आपल्याकडे आली.

या अळीवर जी उपाययोजना आहे, तिच्यातलं निम्मं काम दुकानातून विकत आणताच येत नाही. जूनआधी लागवड नको. डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत वावर मोकळं करायचं, पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवायची नाही. जिनिंगमध्ये आणि साठवलेल्या सरकीत अळी सुप्त पडून राहते, तिथेही लक्ष हवं. हे एकट्याने केलं तर व्यर्थ आहे, कारण शेजारच्या फरदडीतला पतंग बांध ओळखत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या आष्टा गावाने, बीटी यायच्या आधी, 1990 च्या दशकाअखेरीस एकात्मिक पद्धत गाव म्हणून राबवली होती. तसं गाव म्हणून उभं राहण्याची आज पुन्हा गरज आहे.

आता उरलेलं निम्मं. 1959 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी एक विचार नीट मांडला: कीड दिसली म्हणून फवारायचं नाही, तिच्यामुळे होणारं नुकसान फवारणीच्या खर्चाहून मोठं ठरायची वेळ येईल तेव्हाच फवारायचं. त्या मर्यादेला आपण आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतो. गुलाबी बोंडअळीसाठी ती अगदी सोपी आहे. कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री दर रात्री 8 पतंग सापडले, किंवा एकरातून तोडलेल्या 20 हिरव्या बोंडांपैकी 2 बोंडांत जिवंत अळी निघाली, तर उपाय करा. त्याआधी डोमकळ्या, म्हणजे पाकळ्या मिटून गुंतलेली फुलं, तोडून नष्ट करा, निंबोळी अर्क मारा, अळीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामाची कार्डं लावा. यासाठी पदवी लागत नाही. वेचणीला वाकलेल्या बाईला कवडी, म्हणजे अळीने नासवलेला कापूस, आपल्या आधी दिसते. तिला विचारायची पद्धत मात्र आपल्याकडे नाही.

निसर्ग किती काम करतो, याचा दाखला कापसातच आहे. 2007 च्या सुमारास पिठ्या ढेकणाने पऱ्हाटी पांढरीफटक केली, लोकांनी जहाल औषधं ओतली. ढेकूण आटोक्यात आला तो मुख्यतः इनेशियस नावाच्या एका चिमुकल्या परोपजीवी कीटकामुळे. तो ढेकणाच्या अंगात अंडी घालतो आणि त्याला आतून संपवतो. त्याला कुणी विकत आणून सोडलं नव्हतं. औषध थांबलं तिथे तो वाढला.

सरकारी पातळीवरही सर्वेक्षणाची घडी बसलेली आहे. 2008 मध्ये सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा हाहाकार झाला, त्यानंतर राज्यात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. निरीक्षणं गोळा होतात, सल्ला निघतो. तो सल्ला वेळेत आणि आमच्या बोलीत बांधापर्यंत यावा, ही अधिकाऱ्यांना कळकळीची विनंती. कृषी सेवा केंद्र चालकांना मी आज हात जोडून सांगतो: शेतकरी काउंटरवर आला की बाटली काढण्याआधी विचारा, बोंडं फोडून पाहिली का? आणि मनाने औषधांची मिश्रणं सुचवू नका. शास्त्रज्ञांकडे एकच मागणी आहे. शिफारशींचं जाड पुस्तक नको. ज्याला वाचता येत नाही त्या फवारणाऱ्यालाही कळेल असं चित्रांचं एक पान द्या. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणांचा अर्थ त्यावर असू द्या.

दुपारच्या जेवणानंतर शिवारफेरी आहे, गाड्या मंडपासमोरूनच सुटतील. फरदड धरलेल्या एका वावरात आपण जाणार आहोत. शेतमालकाने परवानगी दिली, त्यांचे आभार. प्रत्येक गटाने 20 हिरवी बोंडं तोडायची, फोडायची, आतल्या पाकळ्या आणि सरक्या उलगडून पाहायच्या. दोन सरक्या चिकटलेल्या दिसल्या तर त्याही फोडा, सुप्त अळी तिथेच दडते. गटाचा आकडा कागदावर लिहून स्वयंसेवकांकडे द्या. संध्याकाळचं सत्र भाषणाने नाही, त्या आकड्यांनी सुरू होईल, आणि पहिलं बोलणं फवारणी करणाऱ्या मजुरांचं असेल.

आता उद्घाटकांनी परिषदेचं उद्घाटन करावं, अशी त्यांना विनंती करतो.