कळफलक अडला तर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क आहे. संगणकाची एक कळ अडली म्हणून कोणाचा दाखला खोळंबता कामा नये.

एखादीच कळ बंद पडल्यास तिच्याखाली बहुधा धूळ असते. कळफलकाची तार काढावी, तो उलटा धरून हलकेच झटकावा व मऊ ब्रशने साफ करावा. कळा लवकर उमटत नसतील, तर विंडोज प्रणालीतील ‘फिल्टर कीज’ ही सोय चुकून सुरू झाली आहे काय, हे पाहावे. अनेक कळा एकदम मुक्या झाल्यास आतील विद्युतवाहक रेषा तुटलेली असू शकते. तेव्हा फलक बदलणेच इष्ट. नवा येईपर्यंत पडद्यावरील कळफलक माउसने चालवावा. समोरच्या अर्जदारास मात्र परत पाठवू नये.