द्राक्षाच्या मण्याचा लगाम

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेस असलेला कवठे महांकाळ तालुका मूळचा अवर्षणाचा. म्हैसाळच्या उपसा योजनेनें कृष्णेचें पाणी तिकडे चढविलें जातें. तरी द्राक्षबाग जगविणें तेथें सोपें नाहीं. फळछाटणीनंतर मणी ज्वारीएवढे झाले कीं बागाईतदार एकेक घड ‘जी. ए.’ या औषधाच्या पाण्यांत बुडवून काढतो. लाखांत तीनचार भाग एवढ्या पातळ द्रावणानें मणी फुगतो. हें कसें घडतें?

‘जी. ए.’ म्हणजे जिबरेलिक आम्ल. भाताचीं रोपें अवास्तव उंच वाढविणाऱ्या एका बुरशीच्या स्रावांत हा गुण आहे, हें कुरोसावा या जपानी संशोधकानें १९२६ सालीं दाखविलें. वनस्पति स्वतःही हें द्रव्य तयार करतात, असें पुढें आढळून आलें. द्राक्षाच्या मण्यास तें बियांकडून मिळतें. बिनबियांच्या जातींत बीं अर्धवटच राहत असल्यानें मणी लहान राहतो, व ती उणीव बाहेरून भरावी लागते.

मात्र हें द्रव्य पेशीस वाढवितें असें म्हणणें पुरतें बरोबर नाहीं. तें लगाम सोडवितें. पेशींत ‘डेला’ नांवाचीं प्रथिनें वाढीस आवरून धरतात. जिबरेलिन आपल्या ग्राहक-प्रथिनाच्या पोकळींत शिरलें कीं वरचें झांकण मिटतें, आणि त्या झांकणास डेला येऊन चिकटतें. मग पुढें येते चार प्रथिनांची एक मंडळी. तिचें नांव यूबिक्विटिन लायगेज. तिच्यांतील एक घटक डेलास ओळखून धरतो. बाकीचे सांगाडा पुरवितात व यूबिक्विटिन आणणाऱ्या वाहकास जवळ घेतात. यूबिक्विटिन हें ७६ अमिनो आम्लांचें इवलेंसें प्रथिन. तोडावयाच्या झाडावर जंगलखात्याच्या रखवालदारानें हातोड्याचा शिक्का मारावा, तसा हा शिक्का होय. अशा शिक्क्यांची साखळी लागली कीं प्रोटिअसोम नांवाचें पिंपासारखें यंत्र त्या प्रथिनाचे तुकडे करतें. यूबिक्विटिन मात्र सुटें होऊन पुन्हां कामास येतें. लगाम गेला, मणी वाढला. या शिक्क्याच्या शोधाबद्दल सीखानोव्हर, हर्श्को व रोझ यांस २००४ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

ऑस्ट्रेलियांत बॉस व थॉमस यांनीं डेलांत बिघाड असलेल्या एका द्राक्षवेलीचा अभ्यास २००२ सालीं प्रसिद्ध केला. ती वेल जिबरेलिनला दाद देईना. ती खुजी राहिली. पण जेथें एरवीं तणावे, म्हणजे बागाईतदाराच्या भाषेंत बाळ्या, यावयाच्या, तेथें फुलांचे घोस आले. लगाम राहिला तर घड, सुटला तर बाळी!

बागाईतदाराचें वर्षाचें दैव यांतच आहे. एप्रिलच्या खरडछाटणीनंतर डोळ्यांत पुढील घड ठरतात. तेव्हां लगाम हवा. म्हणून जिबरेलिनची निर्मितीच रोखणारें ‘सी. सी. सी.’ फवारण्याची चाल पडली. परंतु २०१० सालीं याच औषधाचा अंश मर्यादेबाहेर आढळल्यानें भारतीय द्राक्षें युरोपांत अडकलीं, व मोठें नुकसान सोसावें लागलें.

एकच द्रव्य हिवाळ्यांत मित्र आणि उन्हाळ्यांत वैरी ठरतें. काय मोडावें, केव्हां मोडावें, याचा हिशेब पेशी नेमका ठेवते. औषधाचें माप ज्याच्या हातीं आहे, त्या माणसानेंही तितकेंच नेमकें असावयास हवें.