लुइताच्या काठचे गाणे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



व्याख्यानाचा विषय कोणता, असे चिटणिसांनी विचारले तेव्हा आम्ही ‘डॉ. भूपेन हजारिकांच्या मैफली’ असे सांगितले आणि ते क्षणभर थबकले. बालगंधर्व, भीमसेन, निदान बाबूजी तरी निघतील असा त्यांचा कयास असावा. तो चुकला याबद्दल क्षमस्व. ज्या गावाच्या अन्नपाण्यावर या मंडळाची पन्नास वर्षे गेली, त्या गावाचा आवाज या सभागृहात एकदा तरी ऐकू यावा, असे आम्हांस फार दिवस वाटत होते. तसे वाटण्यास आमचा एक जुना अपराधही कारण आहे. त्याची कबुली पुढे ओघाने येईलच.

आम्ही १९९६ साली बदलीवर गुवाहाटीस आलो. भूपेनदांची गाणी तोवर आम्ही ऐकली होती ती ‘रुदाली’पुरती. १९९३ च्या त्या चित्रपटातले लताबाईंचे गाणे ज्याने ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. पण ती चाल मुळात असमिया असून ‘मणिराम देवान’ या चित्रपटासाठी तीस वर्षांपूर्वीच बांधलेली होती, हे आम्हांस आमच्या घरमालकीणबाईंनी सांगितले. इथल्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना ‘माहीदेउ’, म्हणजे मावशी, म्हणत असू. लताबाई १९५६ साली ‘एरा बाटर सुर’ या चित्रपटात भूपेनदांसाठी असमियात गायिल्या होत्या, हेही आम्हांस त्यांच्याकडूनच कळले. आपल्या लताबाईंविषयी आपल्याला परक्या मुलखातील मावशीने शिकवावे, याचा थोडा रागही आला होता.

आपल्याकडे ‘गीतरामायण’ झाले. शब्द गदिमांचे, चाल आणि गळा बाबूजींचा. इथे शब्द, चाल आणि गळा असे तिन्ही एकाच माणसाचे. असा माणूस मंचावर बसला की गाणारा आणि गाणे यांत फट राहत नाही. शिवाय हा माणूस नुसता गवई नव्हता. १९२६ साली सदियात जन्म, काशी हिंदू विश्वविद्यालयात राज्यशास्त्राचे एम. ए., पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट आणि तीही प्रौढशिक्षणात दृक्‌श्राव्य साधनांचा उपयोग कसा करावा या विषयावर. हा प्रबंध आम्ही वाचलेला नाही, परंतु मैफल ऐकल्यावर वाटले की ते तिथे तेच करीत आहेत. अमेरिकेत त्यांची पॉल रोबसन या कृष्णवर्णीय गायकाशी भेट झाली. रोबसन मिसिसिपी नदीचे जे गाणे गात, त्याच्या छायेत भूपेनदांनी ब्रह्मपुत्रेचे, म्हणजे इथल्या भाषेत लुइताचे, गाणे रचले. दोन्ही तीरांवर माणसे एवढी हालअपेष्टा सोसत असता तू निमूट कशी वाहतेस, असे त्यात नदीला विचारले आहे. पुढे बंगालीत आणि हिंदीत तेच गाणे गंगेचे झाले.

आम्ही त्यांना प्रथम समक्ष ऐकले ते आल्यानंतरच्या दुसऱ्या बिहूत. आमच्या कार्यालयातले बरबाबू, आपल्याकडचे हेडक्लार्क म्हणा, आम्हांस घेऊन गेले. एप्रिलच्या मध्यास रंगाली बिहू येतो आणि गुवाहाटीच्या मैदानामैदानांवर बिहूतोलीचे मांडव पडतात. कार्यक्रम आठाला सुरू होतो असे छापलेले असते. भूपेनदा कधी येतील, असे आम्ही साडेआठास विचारले. बरबाबूंनी पिशवीतून मेणकापड, तिळपिठ्याचा डबा आणि दोन गामोसे काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाले, “सर, हे सगळे कशाला आणले असेल?” ते मंचावर आले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

डोक्यावर ती नेहमीची नेपाळी टोपी, पुढ्यात हार्मोनियम. वय सत्तरीचे. बसल्यावर पहिली काही मिनिटे ते नुसते बोलले, गावातला एखादा काका ओसरीवर बसून बोलावा तसे. मग बोलता बोलताच गाणे सुरू झाले. बोलणे कुठे संपले ते आम्हांस कळले नाही. आवाज खर्जातला, भरदार, पण त्याहून लक्षात राहिले ते उच्चार. एकही शब्द सुरात बुडत नव्हता. आम्हांस असमिया तेव्हा बाजारापुरती येत होती. पालखी वाहणाऱ्या भोयांचे गाणे मात्र पुरते समजले, कारण त्याचा ठेकाच भोयांच्या पावलांचा होता. आमचे आजोबा अमर शेखांचा पोवाडा ऐकल्याचे सांगत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येई, ते आम्ही त्या रात्री शेजारी बसलेल्या बरबाबूंच्या चेहऱ्यावर पाहिले.

मग बरदैसिला आली. बिहूच्या दिवसांत येणाऱ्या वादळाला इथे हे नाव आहे. लोक म्हणतात, ही माहेरी निघालेली लेक, म्हणून एवढी घाई. आपला वळीवच, पण माहेरची ओढ असलेला. मांडवाचे कापड फडफडू लागले आणि वीज गेली. आम्ही उठण्याच्या बेतात होतो. आसपास कोणीच उठले नाही. गामोसे डोक्यावर गेले, मुले पदराखाली गेली, आणि नदीचे जे गाणे अर्ध्यावर राहिले होते ते श्रोत्यांनी पुढे चालू केले. कोणी नेता नाही, ठेका नाही, सूरही सर्वांचा एक नाही. वीज परतली, ध्वनिक्षेपक शिटी वाजवून जागा झाला, तेव्हा मांडव गायकाच्या एक कडवे पुढे होता. भूपेनदांनी हार्मोनियमवरचा हात तसाच ठेवून श्रोते संपवीपर्यंत वाट पाहिली. पहाटे चारला घरी पोहोचलो. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेलो होतो.

दुसऱ्या दिवशी ही हकीकत माहीदेउंना सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, “पावसात काय, आम्ही तर त्याला भीतीत ऐकले आहे.” त्यांनी सांगितलेली आठवण १९६० सालची. त्या नव्या नवरी होत्या. भाषेच्या प्रश्नावरून असमिया आणि बंगाली यांच्यात दंगली पेटल्या होत्या. शेजारचे बंगाली कुटुंब रातोरात घर सोडून गेले होते. अशा वेळी भूपेन हजारिका आणि बंगाली लोकगायक हेमांग विश्वास हे दोघे कलावंतांचे पथक घेऊन दंगलग्रस्त भागात गावोगाव फिरले. हारधन नावाचा एक बंगाली शेतकरी आणि रंगमन नावाचा एक असमिया, अशा दोघांची कथा ते गाण्यातून सांगत. माहीदेउ सासऱ्यांच्या मागे उभ्या राहून ते ऐकत होत्या. “टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत,” त्या म्हणाल्या, “सगळे एकमेकांकडे न बघता घरी गेले. पण शेजारच्या घराला सासऱ्यांनी कुलूप लावले आणि किल्ली जपून ठेवली.” ते कुटुंब परत आले की नाही, हे विचारायचे आम्हांस धैर्य झाले नाही.

आता ती कबुली. १९९९ च्या गणेशोत्सवापूर्वी एका मंडळाच्या कार्यकारिणीत (कोणत्या ते विचारू नये, सभागृहातील काही चेहरे आत्ताच खाली गेले आहेत) एका ज्येष्ठ भगिनीने सूचना मांडली की, भूपेनदांचे घर निजरापारला आहे, ते गावात असतील तेव्हा त्यांना एका संध्याकाळी बोलवावे, दोन गाणी म्हणाले तरी पुष्कळ. मत घेण्यात आले. सात विरुद्ध दोन अशी सूचना नामंजूर झाली. त्या सातांत आम्ही होतो. इतकेच नव्हे, विरोधाचे भाषण आम्हीच केले. वर्षभर मुलांच्या कानी हिंदी, इंग्रजी, असमिया पडते, निदान दहा दिवस तरी मराठी पडू द्या, असा आमचा मुद्दा होता. तो मुद्दा अगदीच खोटा होता असे आम्हांस आजही वाटत नाही. परमुलखात आपली भाषा टिकवणे सोपे नसते आणि मंडळ असते ते त्यासाठीच. पण ज्याला वादळात भिजत ऐकून आलो होतो, त्याच्या विरुद्ध हात वर करताना आम्हांस काहीच कसे वाटले नाही? माहीदेउंना हे कळले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “विचारून तरी पाहायचे. बोलावले की तो येतो.” संध्याकाळी नेहमीप्रमाणे त्यांच्याकडून भाजीची वाटी आली. ती आम्हांस जड गेली.

चाहत्यांचे प्रेम सरळ रेषेत चालते असेही कोणी समजू नये. भूपेनदा १९६७ साली अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून गेले होते. २००४ साली त्यांनी एका राष्ट्रीय पक्षातर्फे गुवाहाटीतून लोकसभेची निवडणूक लढवली आणि ते हरले. आमच्या सेवानियमांमुळे त्या निवडणुकीवर आम्ही बोलणार नाही. बरबाबू मात्र बोलले, आणि मग त्यांनी बोलणेच बंद केले. यायावराने एका तंबूत का शिरावे, असा त्यांचा सवाल होता. घरातल्या ध्वनिफिती त्यांनी कपाटात वर टाकल्या आणि बिहूतोलीत भूपेनदांचे नाव निघाले की ते चहा प्यायला उठत.

५ नोव्हेंबर २०११ रोजी भूपेनदा मुंबईत गेले. आयुष्याची कित्येक वर्षे त्यांनी तिथेच काढली होती. पार्थिव गुवाहाटीस आणून जजेस फील्डवर दर्शनासाठी ठेवले. लोक एवढे लोटले की अंत्यसंस्कार एक दिवस पुढे ढकलून ९ तारखेस जालुकबारीस करावे लागले. त्या रांगेत आम्ही सहा तास उभे होतो. आमच्या पुढे दहाबारा माणसांवर, हाती गामोसा घेऊन, निवृत्त झालेले बरबाबू उभे होते. आम्ही हाक मारली नाही. रांगेत कोणीतरी हलकेच सुरू करी, दुसरा धरी, मग पुढची मागची माणसे धरीत. बरबाबूंचे ओठ हलताना आम्ही पाहिले.

पुढे २०१७ साली धोला-सदियाच्या नऊ किलोमीटरांहून लांब पुलाला त्यांचे नाव दिले गेले, २०१९ साली मरणोत्तर भारतरत्न मिळाले. ८ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांचे जन्मशताब्दी वर्ष सुरू झाले आणि अकराच दिवसांनी जुबिन गर्ग गेले. आमची कन्या इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. ती दोन दिवस जेवली नाही. जुबिनच्या कार्यक्रमांच्या तिच्या आठवणी आमच्यापेक्षा पुष्कळ आहेत, आणि आम्ही त्या कधी विचारल्या नव्हत्या. त्या रात्री विचारल्या. ती पहाटेपर्यंत सांगत होती. तिच्या बोलण्यात मराठी किती आणि असमिया किती, हे आम्ही मोजले नाही.

तर या वर्षी कार्यकारिणीने, या वेळी एकमताने, असे ठरवले आहे की सुवर्णमहोत्सवाच्या समारोपात मंडळाच्या मुलांनी भूपेनदांचे लुइताचे गाणे मूळ असमियात म्हणावे. शिकवायला माहीदेउ येतात. त्या आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत आणि उच्चारांच्या बाबतीत दयामाया ठेवत नाहीत. असमियातला ‘स’ हा आपला ‘स’ नव्हे, तो ‘ह’ आणि ‘ख’ यांच्या मधून कुठूनतरी काढावा लागतो. मुलांना तो सहज जमतो. पेटीवर साथीला बसणाऱ्या आम्हांस अद्याप जमलेला नाही, आणि त्यापायी मागच्या खेपेस दोनदा बोलणी खाल्ली. पुढची तालीम रविवारी चार वाजता याच सभागृहात आहे. मंडळाच्या पेटीचा भाता फाटला आहे, तेव्हा कोणाच्या घरी चालू स्थितीतली पेटी असल्यास त्यांनी ती कृपया शनिवारपर्यंत आणून द्यावी.