पाच डॉलरचा तंटा



अमेरिकेत माजी सैनिकांसाठी व्हेटरन्स अफेअर्स नावाचं स्वतंत्र सरकारी खातं आहे. सगळे त्याला नुसतं ‘व्हीए’ म्हणतात. त्याची स्वतःची इस्पितळं आहेत, दवाखाने आहेत, आणि बहुतेक औषधं टपालाने घरपोच येतात. औषधामागून बिलही येतं. रक्कम ऐकाल तर हसाल. २०१७ पासून महिनाभराच्या औषधाला गटानुसार ५, ८ किंवा ११ डॉलर, आणि वर्षाला ७०० डॉलर भरून झाले की पुढे काही नाही. अमेरिकेतल्या औषधांचे भाव ज्याला ठाऊक आहेत तो म्हणेल, यात भांडण्यासारखं काय आहे?

भांडण रकमेचं नाहीच. सेवेमुळे जडलेला म्हणून जो आजार मान्य झाला, त्याच्या औषधाला पैसे पडत नाहीत, असा नियम आहे. अपंगत्व ५० टक्के किंवा जास्त ठरलं असेल, तर कुठल्याच औषधाला पडत नाहीत. म्हणजे ज्याचं अपंगत्व ४० टक्क्यांवर अडकलं, त्याची जखमी गुडघ्याची गोळी फुकट आणि आम्लपित्ताची विकत. उत्पन्न अगदीच तुटपुंजं असेल तर सूट मिळते, ती गोष्ट वेगळी.

आता ही निवड करतं कोण? डॉक्टर संगणकावर औषध लिहितात तेव्हा पडद्यावर प्रश्न येतो, हे औषध सेवेमुळे झालेल्या आजारासाठी आहे का? बाहेर रुग्ण ताटकळलेले असतात. ‘हो’ किंवा ‘नाही’, एक कळ दाबायची. तिथे चुकून ‘नाही’ पडलं की बिल निघालंच. सैनिकाला पत्ता लागतो तो पाकीट फोडल्यावर. मग आपला आजार आपल्या नोकरीतूनच आला, हे त्याने पुन्हा एकदा सांगायचं. माझ्या मते खरा सल तिथे आहे.

रक्तदाबाचंच घ्या. व्हिएतनाममध्ये अमेरिकन फौजेने एजंट ऑरेंज हे तणनाशक फवारलं, ते १९७१ मध्ये थांबलं. त्या फवाऱ्यात वावरलेल्या सैनिकाचा उच्च रक्तदाब सेवेतूनच आला असं धरायचं, हे कायद्यात यायला २०२२ चा ऑगस्ट उजाडला, पॅक्ट कायद्यावर सही झाली तेव्हा. तोवर तरणी पोरं सत्तरी ओलांडून गेली होती. आता दावा मंजूर झाला आणि मंजुरी मागल्या तारखेपासून लागू झाली, तर मधल्या काळात त्या गोळ्यांसाठी भरलेले पैसे परत मिळू शकतात.

तक्रारीची वाट आहे, पण ती ठाऊक हवी. बिल हातात पडल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घेतली तर विलंबाचा आकार टळतो. नुसतं दुर्लक्ष केलं, तर १२० दिवसांनंतर ही बाकी अर्थखात्याकडे जाऊ शकते, आणि ते खातं कराच्या परताव्यातूनही वसुली करतं. आणखी एक, हरकत वेगळी आणि माफी वेगळी. माफी मागितली म्हणजे देणं आहे, पण ऐपत नाही, असं तुम्हीच धरून चाललात. चुकीच्या बिलावर माफीचा अर्ज करणं म्हणजे हातातला मुद्दा सोडून देणं.

कोविडच्या काळात, एप्रिल २०२० ते सप्टेंबर २०२१ पर्यंतचं हे शुल्क सरकारने माफ केलं, ज्यांनी भरलं होतं त्यांना परतही केलं. खातं काही बुडालं नाही. आपल्याकडे भारतात माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. तिथे गोळीमागे वाटा द्यावा लागत नाही. खिडकीवर औषधच नसलं तर काय होतं, ते आपल्या माजी सैनिकांना विचारा.

अपंगत्वाचा दावा तपासताना पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा असेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा, असं अमेरिकेच्या कायद्यातच लिहिलेलं आहे. बिल काढणाऱ्या टेबलालाही तोच नियम लावावा. औषध कोणत्या आजाराचं याची खात्री नसेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, पाकीट नंतर पाठवा.

आपल्यापैकी कुणाचं माणूस तिकडच्या फौजेतून निवृत्त झालं असेल, तर त्याला एवढं नक्की कळवा: बिल आलं की आधी औषधाचं नाव आणि आजार ताडून पाहा, आणि चूक दिसली तर ३० दिवसांच्या आत, लेखी हरकत घ्या.