पाय पाहून पादत्राण द्या

(कोल्हार येथे मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



नाताळ जवळ आला की आपण आदिवासी वस्त्यांसाठी कपडे, चादरी आणि पादत्राणे गोळा करतो. आज मी पादत्राणांविषयी बोलणार आहे. पण आधी एका दुखण्याविषयी.

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला टेंगूळ येते आणि अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो. डॉक्टर याला बनियन म्हणतात; आपल्या अंगातल्या बनियनशी त्याचा काही संबंध नाही! वस्तीवर म्हणतात, "हाड वाढलं." खरे तर हाड वाढण्यापेक्षा सरकलेले असते. पंजातले लांब हाड एका बाजूला जाते, अंगठा दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या सांध्याचा कोपरा बाहेर येतो. त्यावर चप्पल घासते. कातडीखालची पाण्याची बारीक पिशवी सुजते, लाल होते आणि ठणकते. हे कुरूप नव्हे. कापून किंवा खरवडून ते जात नाही.

पायाची अशी ठेवण पुष्कळदा आईबापांकडून येते. स्त्रियांना हा त्रास जास्त होतो. निमुळते आणि उंच टाचेचे बूट तो वाढवतात. हाँगकाँगमध्ये 1958 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बूट वापरणाऱ्यांपैकी सुमारे 33 टक्के लोकांचा अंगठा असा कललेला आढळला. अनवाणी राहणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे 2 टक्के होते.

म्हणून अनवाणीच बरे, असे मात्र कोणी समजू नये. प्रवरेकाठच्या उसात काम करणाऱ्या आपल्या भिल्ल भगिनींना विचारा. तोडलेल्या उसाचे बुडखे, काटे, साप, हिवाळ्यात फुटलेल्या टाचा! पादत्राण हवेच. पण जन्मभर अनवाणी चाललेला पाय पुढे रुंद असतो, बोटे मोकळी पसरलेली असतात. तो पाय आपण शहरातल्या अरुंद बुटात घालायला सांगतो.

एका वस्तीवर मी एका मावशींच्या पायात दान आलेला जवळजवळ नवा बूट पाहिला. अंगठ्याजवळ त्यांनी विळ्याने गोल भोक पाडले होते. सोबतच्या एकांना वाईट वाटले, म्हणाले, "चांगल्या वस्तूची यांना किंमत नाही." मी मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, "बाई, हाडाला लागत होतं. टाकून देण्यापेक्षा कापला." मावशींनी जे केले तेच योग्य होते. दुखऱ्या जागेवरचा दाब काढणे हाच या दुखण्यावरचा पहिला इलाज आहे.

बाकीचे इलाजही साधे आहेत. पुढून रुंद, मऊ आणि सपाट टाचेची चप्पल घ्यावी. दिवसभरात पाय थोडा फुगतो, म्हणून माप संध्याकाळी, उभे राहून घ्यावे. सर्वांत लांब बोटापुढे अर्धा इंच जागा असावी. चामडे घट्ट असेल तर चांभारदादांकडून ताणून घ्यावे. टेंगळाभोवती मऊ गादी लावावी. सूज आली तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा. बोटांनी फडके उचलण्याचा व्यायाम करावा. बोटांमध्ये ठेवायच्या रबरी पट्ट्यांनी दुखणे कमी होऊ शकते, पण अंगठा कायमचा सरळ होत नाही. बिब्बा लावू नका, डागणी देऊ नका. त्याने जखम होते, हाड जागेवर येत नाही. एवढे करूनही रोजचे काम होत नसेल तर शस्त्रक्रिया असते. त्यात हाड कापून सरळ बसवतात आणि मग काही आठवडे पाय जपावा लागतो. केवळ दिसण्यासाठी ती करू नये. आपल्या जवळच लोणीला प्रवरा ग्रामीण रुग्णालयात हाडांचे डॉक्टर आहेत.

एक सूचना लक्षात ठेवा. सांधा एकाएकी लाल, गरम होऊन असह्य दुखला, ताप आला किंवा जखम चिघळली, तर थांबू नका. मधुमेह असेल तर पायाची लहान जखमही दाखवा. आणि पाय बधिर असेल, अंगावर न दुखणारा चट्टा असेल, तर लगेच सरकारी दवाखान्यात न्या. तो कुष्ठरोग असू शकतो; त्याचे औषध तेथे मोफत मिळते आणि तो बरा होतो. दुखणारा पाय निदान हाक तरी मारतो. बधिर पाय गप्पच राहतो.

आता माझी विनंती. या वर्षी जुने बूट पोत्यात भरून पाठवू नका. आमच्याबरोबर वस्तीवर चला. कागद जमिनीवर ठेवा, त्यावर बाईला उभे करा आणि पेन्सिलीने पायाची रेघ काढा. त्यावर तिचे नाव लिहा. त्या कागदावरून पादत्राण घेऊ. वीस जोड कमी वाटले गेले तरी चालतील, पण वाटलेला प्रत्येक जोड पायात दिसला पाहिजे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. पाय धुवायचा तर खाली वाकावे लागते, तो हातात घ्यावा लागतो. मग त्याची भेग, त्याची गाठ आपोआप दिसते. उभ्याने केलेल्या दानाला ती दिसत नाही. कागद आणि पेन्सिल घेऊन आपणही या नाताळाला वाकू या. प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.